पर्समधली सतरा कार्डं आणि मोबाइलमधलं एक अ‍ॅप

शेजारच्या काकूंनी गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांची पर्स माझ्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. कपड्यांच्या दुकानांची कार्डं, केमिस्टचं, चष्मेवाल्याचं, वाचनालयाचं, मेट्रोचं, शिवाय रबरबँड लावून ठेवलेली कुपनं. "हे सगळं मोबाइलमध्ये घालून दे गं. सून म्हणते, एक अ‍ॅप असतं, त्यात सगळं मावतं." मोजली तर सतरा कार्डं निघाली. चहा दोनदा झाला, दोन तास गेले, आणि शेवटी मोबाइलमध्ये गेली फक्त पाच.

बाकीची बारा का गेली नाहीत, हे कळलं की अ‍ॅप निवडणं फार सोपं होतं. म्हणून 'सर्वांत चांगली दहा अ‍ॅप्स' अशी यादी इथे देत नाही. आधी एवढंच बघायचं: काउंटरवरचा, दारावरचा किंवा गाडीतला माणूस नेमकं काय तपासतो? तो तुमचा नंबर विचारतो, बारकोड स्कॅन करतो, 'अ‍ॅप उघडून दाखवा' म्हणतो, की कार्ड मशीनला टेकवायला लावतो? या चारांतल्या एकाच प्रकाराला साठवणीचं अ‍ॅप लागतं.

पर्स उपडी करा

खरोखरच करा. टेबलावर चार ढीग घाला.

पहिला ढीग नंबरवाल्यांचा. हाच सगळ्यात मोठा होतो. मॉलमधल्या बहुतेक मोठ्या दुकानांत बिलाच्या वेळी प्लास्टिकचं कार्ड कुणी मागतच नाही. 'मॅडम, मोबाइल नंबर?' एवढंच. पॉइंट त्या नंबरावर जमतात आणि वापरायचे असले तर ओटीपी येतो. काकूंची सात कार्डं या ढिगात गेली. ती अ‍ॅपमध्ये घालणं म्हणजे स्वतःचाच फोन नंबर सात वेळा लिहून ठेवणं. कार्डं खुशाल कापून टाका. मात्र कोणत्या दुकानात घरातल्या कुणाचा नंबर दिलाय, हे एका कागदावर लिहा. काकूंचे चष्म्याच्या दुकानातले पॉइंट काकांच्या जुन्या नंबरावर निघाले आणि ते सिम कधीच बंद झालेलं. बंद केलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, म्हणजे ओटीपी जाणार भलत्याकडेच. नंबर बदलायचा असेल तर आधी दुकानात जाऊन नवा लावून घ्या, मग सिम सोडा.

जाता जाता एक. पॉइंट नको असतील तर नंबर द्यायची सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सूचनाच दिली होती. 'नंबर नाही देत' म्हटलं तरी बिल होतं. कॅशिअर थोडं तोंड वाकडं करतो, करू दे.

दुसरा ढीग बारकोड किंवा छापील क्यूआरचा. वाचनालय, जिम, सोसायटीचा क्लब, काही केमिस्ट आणि किराणा दुकानं, गिफ्ट व्हाउचर. इथे स्कॅनर फक्त काळे-पांढरे पट्टे किंवा चौकोन वाचतो. ते प्लास्टिकवर आहेत की काचेवर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साठवणीचं अ‍ॅप हवं ते याच ढिगासाठी. काकूंची पाच कार्डं यातली.

तिसरा ढीग दिसायला ढीग नाहीच, कारण तो आधीच फोनमध्ये असतो: लोकलचं तिकीट, बसचा पास, मेट्रोचं तिकीट. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण मुंबईत गोंधळ होतो तो तिथेच.

चौथा ढीग चिपवाल्या कार्डांचा. मेट्रोच्या २अ आणि ७ मार्गांवरचं 'मुंबई १' कार्ड, बँकेचं एनसीएमसी (म्हणजे देशभरच्या मेट्रो-बसमध्ये चालायची सोय) असलेलं रुपे कार्ड, ऑफिसचं दार उघडणारं कार्ड. एनसीएमसीमध्ये प्रवासाचे पैसे कार्डाच्या चिपमध्येच साठलेले असतात, म्हणून गेटवर नेट नसतानाही ते चालतं. आणि म्हणूनच त्याचा फोटो काढून काहीही साधत नाही. गेटला फोटो दाखवून उभ्या राहिलेल्या एका काकांना मी अंधेरीला पाहिलंय. मागची रांग काय काय बोलत होती ते लिहीत नाही. ही कार्डं पर्समध्येच ठेवा.

काकूंची दोन कार्डं चिपची होती. उरलेली तीन मुदत संपलेली, त्यातलं एक दुकान तर उठूनही गेलंय. झाली सतरा.

लोकल, मेट्रो, बस: इथे साठवणीचं अ‍ॅप विसरा

लोकलचं मोबाइल तिकीट म्हणजे चित्र नव्हे. ते रेल्वेच्या अ‍ॅपमध्येच जिवंत असतं आणि तिथूनच दाखवायचं. मुंबईकरांना यूटीएस अ‍ॅप २०१४ च्या डिसेंबरपासून ओळखीचं. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने 'रेलवन' आणलं, त्यात लोकलचं तिकीट, पास आणि लांबच्या गाडीचं आरक्षण एकाच जागी मिळतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ रेलवनच घ्यावं. यूटीएस किंवा आयआरसीटीसीचं खातं असेल तर त्यानेच आत जाता येतं.

टीसीला स्क्रीनशॉट चालत नाही. माझ्या भाच्याने वडिलांच्या फोनवर तिकीट काढून घेतलं, त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला आणि ठाण्याला टीसीपुढे धरला. पैसे भरलेले होते, हेतूही वाईट नव्हता, तरी दंड झालाच. आणि टीसीचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही: एका स्क्रीनशॉटवर पन्नास जण जाऊ शकतात. तिकीट ज्याचं, फोन त्याचाच हवा. बॅटरी संपली तरी तुम्ही विनातिकीटच. म्हणून मी पर्समध्ये छोटी पॉवरबँक ठेवते. लिपस्टिक एखाद वेळी विसरते, ती नाही.

दुसरी अडचण तिकीट काढण्याच्या जागेची. कागदाशिवायचं तिकीट स्टेशनच्या आत किंवा रुळांच्या अगदी जवळ उभं राहून काढता येत नाही. गाडी समोर दिसल्यावर तिकीट काढायची हुशारी चालू नये म्हणून ही सोय. रिक्षातून उतरायच्या आधीच काढून टाका. काढलेलं तिकीट पुन्हा उघडायला नेट लागत नाही, पण काढायला लागतं.

मेट्रोत मोबाइलवर, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये, मिळतो तो क्यूआर आत जाताना लागतो आणि बाहेर पडतानाही. नवखी मंडळी आत शिरली की चॅट पुसून टाकतात आणि घाटकोपरला बाहेरच्या गेटवर शोधत बसतात. मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. तो मार्ग भुयारी आहे, तेव्हा खाली उतरायच्या आधीच तिकीट काढून ठेवलेलं बरं. तिथल्या नेटवर्कवर विसंबू नका. बेस्टसाठी 'चलो' अ‍ॅप बऱ्याच जणांकडे असतंच.

२०२५ च्याच ऑक्टोबरात 'मुंबई वन' अ‍ॅपही आलं. मेट्रो, मोनो, लोकल, बेस्ट, शिवाय ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर आणि कल्याण-डोंबिवलीच्या बसगाड्या, सगळ्यांची तिकिटं एका अ‍ॅपमध्ये असा त्याचा बेत, आणि ते मराठीतही आहे. दोन-तीन वाहनं बदलणाऱ्याने जरूर बघावं. नावाचा घोळ तेवढा लक्षात असू द्या: 'मुंबई १' हे कार्ड, 'मुंबई वन' हे अ‍ॅप. हे बारसं ज्याने केलं त्याला माझा नमस्कार.

लांबच्या गाडीचं ई-तिकीट असेल तर आयआरसीटीसीचा एसएमएस आणि सोबत ओळखपत्र एवढं पुरतं. ओळखपत्र डिजिलॉकरमधलं चालतं, पण 'इश्यूड डॉक्युमेंट्स'मधलं, म्हणजे सरकारी खात्याकडून थेट आलेलं. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेलं आधार चालत नाही.

मग कोणतं अ‍ॅप?

आता फक्त दुसरा ढीग हातात घ्या, शिवाय विमानाचे बोर्डिंग पास आणि सिनेमाची तिकिटं. सात-आठ गोष्टींच्या वर सहसा जात नाही. दोनच कार्डं असतील तर अ‍ॅपसुद्धा नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, गॅलरीत 'कार्डं' नावाचा अल्बम करा, संपलं. मी हे गमतीने सांगत नाही, माझ्या आईचं असंच चालतं.

अँड्रॉइड फोन असेल तर पहिलं नाव गूगल वॉलेटचं. भारतात ते मे २०२४ मध्ये आलं. पुष्कळ जण ते गूगल पे समजून उघडतात आणि 'पैसे कुठायत?' विचारतात. आपल्याकडे ही दोन वेगळी अ‍ॅप्स आहेत: पैसे द्यायला पे, कार्डं आणि तिकिटं ठेवायला वॉलेट. यात कार्डाचा बारकोड कॅमेऱ्याने घेता येतो, फोटोवरूनही पास तयार करता येतो, आणि एअर इंडिया, पीव्हीआर आयनॉक्स यांसारख्यांची तिकिटं थेट जोडता येतात. फोन बदलला तरी गूगल खात्याबरोबर बहुतेक सगळं नव्या फोनवर येतं. त्याची दुसरी बाजू अशी, की जीमेलमध्ये आलेली तिकिटं ते आपणहून वॉलेटमध्ये आणू शकतं. कुणाला ही सोय वाटते, कुणाला नाक खुपसणं. नको असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा.

आयफोनवाल्यांना अ‍ॅपल वॉलेट शोधावं लागत नाही, ते फोनमध्येच असतं. २०१२ साली 'पासबुक' नावाने आलं होतं, ते हेच. विमानाच्या बोर्डिंग पाससाठी ते फार छान: एअरलाइनने पाठवलेल्या पासवर 'अ‍ॅपल वॉलेटमध्ये जोडा' दाबायचं, की प्रवासाच्या दिवशी पास लॉक स्क्रीनवरच येतो. पण वाचनालयाचं कार्ड त्यात घालायचं म्हणाल तर वाचनालयाने तसा पास द्यायला हवा, आणि आपली वाचनालयं अजून पुठ्ठ्याच्या कार्डावर आहेत. त्यासाठी पास बनवून देणारं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं.

सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग वॉलेट आहेच. वापरत असाल तर वापरत राहा. पुढे दुसऱ्या कंपनीचा फोन घ्यायचा विचार असेल तर त्यात कार्डं भरत बसू नका.

मी काकूंना दिलं ते कॅटिमा. अँड्रॉइडवरचं मुक्त स्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) अ‍ॅप, फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि इंटरनेटची परवानगीच ते मागत नाही, त्यामुळे कार्डांची माहिती फोनमधून आपणहून कुठे जाण्याचा प्रश्न येत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मुदतीची तारीख, शिल्लक रक्कम, सगळं नोंदवता येतं. दिसायला साधं आहे. काकू म्हणाल्या, "बरंय, उगाच चमकत नाही." उणीव एवढीच, की बॅकअप तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो.

याशिवाय प्ले स्टोअरवर अशी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. कोणतंही घेतलंत तरी कार्डं भरायच्या आधी एकच कार्ड घालून या परीक्षा घ्या. फोन विमान मोडवर टाका आणि कार्ड उघडा. उघडलं नाही तर अ‍ॅप काढून टाका, पुढचं काही बघूच नका. बेसमेंटमधल्या सुपरमार्केटात हीच परिस्थिती असते. मग सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट किंवा बॅकअप शोधा. भरलेली कार्डं फाइल म्हणून बाहेर काढता येत नसतील तर तुम्ही त्या अ‍ॅपचे बंदे झालात. अ‍ॅपचे मालक बदलतात: जर्मनीचं स्टोकार्ड याच कामासाठी लाखो लोक वापरायचे, ते २०२१ मध्ये स्वीडनच्या क्लार्ना या पैशांच्या व्यवहारातल्या कंपनीने विकत घेतलं. मला स्वतःला एका वेगळ्याच अ‍ॅपने एके सकाळी 'सेवा बंद झाली आहे' असं सांगितलं होतं. बावीस कार्डं होती त्यात, आणि प्लास्टिक मी टाकून दिलेलं.

परवानग्या बघा. कॅमेरा मागितला तर ठीक, स्कॅन करायला लागतो. दुकानांची ठिकाणं ओळखून कार्ड वर आणायला लोकेशन मागत असेल तर तुमची मर्जी. पण कार्डं ठेवायच्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि एसएमएस कशाला हवेत? एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी येतात. तिथेच थांबा.

कार्ड भरताना

दिवसाउजेडी, खिडकीजवळ बसा. कार्ड ओल्या फडक्याने पुसा, पर्समधल्या पावडरीचा थर असतो त्यावर. कॅमेऱ्याने स्कॅन झालं की अ‍ॅपमधला नंबर आणि कार्डावरचा नंबर आकडा न् आकडा जुळवा. घासलेल्या कार्डाचं स्कॅन होत नाही, मग नंबर हाताने टाका आणि बारकोडचा प्रकार निवडा. इथे लोक चुकतात. तेरा आकडे असतील तर बहुधा ईएएन-१३, अक्षरं मिसळलेली असतील तर कोड १२८ करून बघा. पडद्यावर आलेले पट्टे कार्डावरच्या पट्ट्यांसारखे दिसायला हवेत. खात्रीसाठी दुसऱ्या फोनने तो पडदा स्कॅन करा. तोच नंबर आला तर जमलं.

कार्डाला नाव मराठीत, घरात म्हणता तेच द्या. काकूंच्या फोनमध्ये 'कोपऱ्यावरचा केमिस्ट' असं आहे. दुकानाचं खरं नाव त्यांना आठवत नाही, मलाही नाही.

बँकेच्या कार्डांचे फोटो, मागचे तीन आकडे, पिन, यातलं काहीही या अ‍ॅपमध्ये घालायचं नाही. आधार, लायसन्स, आरसी यांची जागा डिजिलॉकर. गिफ्ट व्हाउचर ठेवायला हरकत नाही, पण त्याचा कोड म्हणजे रोख पैसे: जो आधी दाखवेल त्याचे. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, निदान वाढदिवस होईपर्यंत तरी. बोर्डिंग पासचंही तेच. 'चाललो गोव्याला' म्हणत त्याचा फोटो लोक स्टेटसला ठेवतात, पण त्या बारकोडमध्ये तुमचं नाव आणि पीएनआर असतो, आणि तेवढ्यावर एअरलाइनच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडू शकतं.

काउंटरवर

पहिला महिना प्लास्टिकचं कार्ड जवळ ठेवा. कारण काही दुकानांतले स्कॅनर जुने, लाल रेघेच्या लेझरचे असतात. ते कागदावरून परत येणारा उजेड वाचतात आणि मोबाइलच्या काचेवर त्यांची फजिती होते. कॅमेऱ्यासारखे नवे स्कॅनर वाचतात. तुमचा फोन बिघडलेला नाही, अ‍ॅपही नाही. अशा वेळी बारकोडखालचा नंबर कॅशिअरला टाइप करायला सांगा. अ‍ॅपमध्ये नंबर मोठा दिसतो ना, हे म्हणूनच आधी बघायचं.

स्कॅन होत नसेल तर आधी ब्राइटनेस पूर्ण वाढवा. चांगली अ‍ॅप्स कार्ड उघडताच स्वतःच वाढवतात. पट्टे काळे आणि मागचा भाग पांढराच हवा, डार्क मोडमध्ये काही अ‍ॅप्स ते उलटं करतात. शेजारच्याला दिसू नये म्हणून लावलेली प्रायव्हसी ग्लास असेल तर फोन स्कॅनरच्या अगदी समोर धरा. आणि काचेला नेमकी बारकोडवरून तडा गेला असेल तर फोन आडवा करून बघा.

पावसाचं वेगळंच असतं. ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही, थेंब पडले की आपोआपच काहीतरी दाबलं जातं. जून ते सप्टेंबर मी फोन पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवते. पिशवीतूनही क्यूआर वाचला जातो, फक्त प्लास्टिक चुरगळलेलं नको.

नाटकाचं मात्र जपून. ऑनलाइन काढलेलं तिकीट दारावर फोनमध्ये दाखवलं की झालं, पण आमच्या मुलुंडच्या कालिदासला किंवा दादरच्या शिवाजी मंदिरला अजूनही प्लॅन उघडल्यावर खिडकीवर जाऊन रांग आणि खुर्ची निवडणारे आहेत, त्यांना कागदच मिळतो. त्याचा फोटो काढून ठेवलात तरी दारावर कागद लागणार. मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमांच्या काही तिकिटांत क्यूआर थोड्या थोड्या वेळाने बदलतो. तिथेही स्क्रीनशॉट बाद, तिकीट त्याच अ‍ॅपमधून दाखवायचं, आणि मैदानाबाहेर गर्दीत नेट जातं म्हणून ते घरून निघतानाच उघडून ठेवायचं.

फोन हरवला तर

नवं कार्ड घातलं की त्याच दिवशी बॅकअप काढायचा. कॅटिमासारख्या अ‍ॅपमधून निघालेली फाइल स्वतःलाच मेल करा. त्याच फोनमध्ये ठेवलेला बॅकअप म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवणं. फोन चोरीला गेला तर आधी सिम बंद करून त्याच नंबराचं नवं घ्या, कारण सात दुकानांचे पॉइंट आणि सगळे ओटीपी त्याच नंबरावर आहेत. पोलिसांत तक्रार नोंदवा आणि संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लागतो. आत्ताच *#०६# दाबून तो बघा आणि खोक्याशिवाय दुसरीकडेही लिहून ठेवा.

काकूंचं सगळं लावून झाल्यावर टेबलावर एक चिठ्ठी उरली. स्टेशनबाहेरच्या ज्यूसवाल्याची: दहा ग्लासांवर अकरावा फुकट, आणि प्रत्येक ग्लासाला रबरी शिक्का. तिला बारकोड नाही, नंबर नाही, चिपही नाही. "हिचा फोटो काढ," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, फोटोवर तो शिक्का कसा मारणार? मग ती चिठ्ठी दुमडून फोनच्या कव्हरमागे सरकवली. तीन शिक्के राहिलेत अजून.